रविवारी दाखवायचं नाही

डोलिना मॅकरिचीला त्या वर्षी कुणी बसलेलं पाहिलं असेल तर ते गाडीत, आणि तेही गाडी चालवताना. एरवी बाई उभी. चहा उभ्यानं, फोन उभ्यानं, आईनं मीठ लावलेला हेरिंग मासा आणि बटाटे वाढले तर तेही ओट्याला टेकून. तिची आई मर्डिना म्हणायची, "बस गं जरा. खुर्ची चावत नाही." डोलिना "हो, हो" म्हणायची आणि गाडीची किल्ली शोधायला लागायची.

कारण एकच. टेलिव्हिजनवाल्यांनी तिला एका वर्षाच्या करारावर घेतलं होतं, आणि वर्ष संपल्यावर ठेवतील की घरी पाठवतील याचा पत्ता नव्हता. वय चव्वेचाळीस. शाळा सुटल्यावर ती आमच्या नेस भागातल्या इतर पोरींसारखीच ग्लासगोला गेली, वीस वर्षं एका हॉस्पिटलच्या कचेरीत बसली, लग्न केलं नाही, आणि वडील गेले तेव्हा आई एकटी पडली म्हणून स्कॉटलंडमधल्या आमच्या लुईस बेटावर परत आली. मग स्टॉर्नोवे शहरातल्या ट्वीडच्या, म्हणजे लोकरी कापडाच्या, गिरणीत कारकुनी. ती गिरणी तेव्हा आचके देत होती. आणि मधेच सरकारला आमच्या गेलिक भाषेची कणव आली. पैसा सुटला, कार्यक्रम निघाले, आणि जो कुणी न अडखळता गेलिक बोलतो त्याला टेलिव्हिजनमध्ये भाव आला. ज्या भाषेबद्दल शाळेत पट्ट्या खाल्ल्या, तिचाच पगार मिळू लागला. डोलिनाला हसावं की रडावं कळेना, पण नोकरी तिनं घेतली.

काम काय? माणसं जमवायची. ग्लासगोहून कॅमेरा घेऊन मंडळी यायची, त्यांना बेटावर कुणी दार उघडेना. डोलिनाला उघडायचे. नेसमधली निम्मी माणसं तिच्या नात्यातली आणि उरलेली तिच्या आजोबांशी भांडलेली, म्हणजे ओळख सगळ्यांशीच. मे महिन्यात ती कॅमेरावाल्यांना घेऊन माळावर गेली. तिथं आमची एक म्हातारी चुलीसाठी कापलेलं पीट, म्हणजे दलदलीतली जळाऊ माती, वाळायला रचत होती. कॅमेरावाला म्हणाला, छान, आता सगळं पाडा आणि पुन्हा रचा, या वेळी हसत. डोलिनानं ते जरा मऊ करून सांगितलं. म्हातारी म्हणाली, "हसत पीट रचणारी बाई मी बघितली नाही. पण तुझ्या पोटाचा प्रश्न असेल तर होते वेडी." आणि खरंच हसत रचलं. ती चाळीस सेकंदं लोकांना फार आवडली म्हणे.

तर असं चाललं होतं. डोलिना सगळ्यांची, आणि म्हणून कुणाचीच नाही. ग्लासगोवाल्यांना वाटे ती बेटाच्या बाजूची, बेटावाल्यांना वाटे ती कॅमेऱ्याच्या. दुकानात शिरली की बायका हळूच केस सारखे करायच्या आणि विषय बदलायच्या.

ग्लासगोच्या कचेरीत तिचा साहेब होता ग्रेगर लॉरिमर. त्याच्या वडिलांचे वडील स्काय बेटावरचे, तेवढ्या भांडवलावर हा गडी स्वतःला बेटकरी म्हणवायचा. माणूस वाईट नव्हता. आवाज कधी चढवला नाही, सगळ्यांच्या आईची चौकशी करायचा. पण त्याला ऐकायची सवय नव्हती. तुम्ही बोलत असताना तो पुढचं वाक्य जुळवत असायचा. त्याच्या मनात एकच होतं: आमच्या चर्चमधलं स्तोत्रगायन. आमच्याकडे पेटी नाही, वाद्य नाही. एक माणूस खुर्चीवरून ओळ देतो आणि सगळी मंडळी ती उचलते, ज्याची त्याची मुरड, ज्याचा त्याचा दम, आणि तरी सगळं मिळून एकच काहीतरी वर चढतं. बाहेरच्यानं पहिल्यांदा ऐकलं तर त्याला चक्कर येते. कॅमेरा मात्र त्या दारातून आत कधी गेला नव्हता.

ओळ देणारा होता फिनले गन. मर्डिनाचा चुलतभाऊ, म्हणून डोलिनाचा मामा. आजा पोस्टमन होता, म्हणून तिसऱ्या पिढीतही याला सगळे 'फिनले पोस्ट' म्हणत. आयुष्यात त्यानं स्वतः टपाल वाटलं नाही. मेंढ्या राखल्या आणि मासेमारीच्या बोटींवर गेला. बायको गेल्यापासून तो आठवडाभर जेमतेम चार वाक्यं बोलत असेल. पण रविवारी त्या खुर्चीत बसून तोंड उघडलं की भिंती मागं सरकायच्या. ती खुर्ची म्हणजे त्याचं उरलेलं आयुष्य होतं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलून दाखवत नव्हतं.

डोलिना वसंतभर त्याच्या मागं लागली. मेंढ्या व्यायच्या दिवसांत गोठ्यात जाऊन उभी, कुंपण दुरुस्त करताना खिळे धरून उभी. तो "बघू" म्हणायचा. आमच्याकडे 'बघू' म्हणजे नाही. पण एका सकाळी त्यानं हातोडा खाली ठेवला.

"मंडळीच्या वडिलांशी बोललोय," तो म्हणाला. वडील म्हणजे चर्चचा कारभार बघणारी माणसं. "पाळकसाहेबांशीही बोललोय. गाऊ आम्ही. एकच अट."

"बोला, मामा."

"रविवारी दाखवायचं नाही. रविवार देवाचा, करमणुकीचा नाही. आमच्या गाण्यासाठी कुणी त्या दिवशी टेलिव्हिजनचं बटण दाबलं, तर ते पाप माझ्या डोक्यावर. बाकी काय हवं ते करा. माझं नाक वाकडं दाखवा."

"तुमचं नाक वाकडंच आहे."

"म्हणूनच सांगतो, तेवढं चालेल. रविवार चालणार नाही. शब्द दे."

डोलिनानं शब्द दिला. त्याच दुपारी लॉरिमरला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "अर्थात, अर्थात," आणि आईची चौकशी केली. तिनं तेवढ्यावर विश्वास ठेवला. आता मागं वळून मूर्ख म्हणणं सोपं आहे, पण साहेब दोनदा 'अर्थात' म्हणाला तर माणूस काय त्याच्याकडून शपथपत्र घेतो?

जूनमधल्या एका बुधवारी मंडळी रविवारचे काळे कपडे घालून चर्चमध्ये जमली. आवाज टिपणाऱ्या पोरानं कानावर यंत्र चढवलं, जरा ऐकलं आणि डोलिनाला बाजूला घेतलं. "यांना सगळ्यांना एकदम सुरू करता येईल का? मागेपुढे होतंय."

डोलिनानं ते फिनलेला सांगितलं, कारण तिचं कामच ते.

"एकदम सुरू करायला ती कवायत आहे का?" फिनले म्हणाला. "त्याला सांग, मागं राहणाऱ्यांसाठी देव थांबतो. त्यालाही थांबता येईल."

पोरगा थांबला. आणि ते गाणं असं काही झालं की दिवे धरणारे दिवे धरायचे विसरले. डोलिना दाराशी तारांच्या वेटोळ्यात उभी होती. तिला भीती वाटत होती. इतक्या लोकांनी आपल्या एका शब्दावर गळा उघडलाय, आणि आपला शब्द तो काय, वर्षाच्या करारावरचा.

उन्हाळा गेला. नेसचे पुरुष दरवर्षीप्रमाणे दूरच्या खडकावर जाऊन गूगा, म्हणजे समुद्रपक्ष्यांची पिल्लं, मारून आणि मिठात घालून आले. डोलिनानं त्याचाही कार्यक्रम केला आणि इंग्लंडातून शिव्यांची पत्रं आली. मग स्टॉर्नोवेत स्तोत्रांच्या चित्रफितीची कापाकापी सुरू झाली. दिवस आखूड झाले तसा डोलिनाचा जीव आणखी वरखाली व्हायला लागला. डिसेंबरात करार संपणार. लॉरिमर फोनवर "पुढच्या वर्षी तुझ्यासाठी काहीतरी मोठं आहे मनात" असं म्हणायचा आणि पुढं काही नाही. ती घरी येऊन आईवर उगाच डाफरायची.

नोव्हेंबरात त्याचा फोन आला. आवाज इतका खुशीत की डोलिनाला वाटलं करार पक्का झाला.

"जागा मिळाली. मानाची जागा. रविवारी संध्याकाळी सहा. सगळं स्कॉटलंड बघेल."

डोलिना म्हणाली, "मी वसंतातच सांगितलं होतं. रविवारी नाही."

"डोलिना, हे स्तोत्र आहे. स्तोत्र रविवारी नाही दाखवायचं तर केव्हा? शुक्रवारी फुटबॉलनंतर?"

"शुक्रवार चालेल. फुटबॉलच्या मधल्या सुट्टीत दाखवा, चालेल. ज्यांनी गायलं त्यांच्यापैकी एकही माणूस रविवारी टेलिव्हिजन लावणार नाही."

"पण बाकीचे लावतील."

"तेच तर त्यांना नकोय."

मग तोच मऊ आवाज. "वर्तमानपत्रांना वेळापत्रक गेलंय. आता हलवणं माझ्या हातात नाही. आणि हे बघ, पुढच्या वर्षाचं आपल्याला बोलायचंय ना? आता तू अडवणूक केलीस असं इथं कुणाला वाटायला नको."

धमकी म्हणावी तर धमकी नाही. आईची चौकशी करून त्यानं फोन ठेवला.

डोलिनानं पुढचे दिवस कसे काढले ते तिचं तिला माहीत. तिनं वरच्या साहेबाला फोन केला, तो सुट्टीवर. पुन्हा लॉरिमरला केला, तो बैठकीत. फिनलेच्या घरावरून गाडी नेताना ती वेग वाढवायची. सांगायचं धाडस होईना. शेवटी गुरुवारी वर्तमानपत्रातच छापून आलं आणि दुपारपर्यंत अख्ख्या नेसला कळलं. आमच्याकडे बातमी पोचायला वर्तमानपत्र लागत नाही, पण या वेळी होतं.

ती त्याच दिवशी फिनलेकडे गेली. वडीलमंडळी नुकतीच येऊन गेली होती. टेबलावर कप तसेच होते. आरडाओरडा झाला नव्हता. फक्त सांगितलं होतं, की रविवारी ते दाखवलं जाणार असेल तर त्या सकाळपासूनच फिनलेला खुर्ची सोडावी लागेल. रविवार मोडायला ज्यानं गळा दिला, त्यानं मंडळीला ओळ द्यायची नाही.

"मामा, मी त्यांना सांगितलं होतं."

"सांगितलं असशील."

"मी अजून प्रयत्न करतेय."

फिनले खिडकीबाहेर बघत होता. "मी तुझ्याकडे एकच मागितलं होतं, पोरी," तो म्हणाला. रागानं बोलला असता तर बरं झालं असतं.

शुक्रवारी फीत तयार झाली. एरवी अशी फीत विमानानं ग्लासगोला जाते, पण त्या दिवशी असा वारा सुटला की विमान आलंच नाही. लॉरिमरचा फोन आला: शनिवारी सकाळच्या बोटीनं तू स्वतः घेऊन ये, पलीकडे मुख्य भूमीवर उलापूल बंदरात माणूस गाडी घेऊन थांबेल, रविवारी वेळेत पोचेल. फीत करड्या डब्यात होती, विटेएवढी. डोलिनानं ती घरी आणली आणि स्वयंपाकघरात फळीवर ठेवली. झोप लागली नाही. सकाळी आईनं पुढं ठेवलेली लापशी तिनं उभ्यानंच अर्धी खाल्ली आणि निघाली. मर्डिना दारापर्यंत आली, "गार वारा आहे" म्हणाली आणि आत गेली.

धक्क्यावर बोट लागलेली. वारा पडत आला होता. गाड्या चढल्या, मेंढ्यांचे ट्रक चढले, माणसं चढली. डोलिना डबा छातीशी धरून खाली उभी. तिला सगळं स्वच्छ दिसत होतं. चढलं की नोकरी. पुढचं वर्ष, कदाचित त्याच्या पुढचंही. आईच्या घराचं छप्पर. आणि उद्या सकाळी फिनले मागच्या बाकावर. नाही चढलं, तर सोमवारपर्यंत या बेटावरून काहीही हलणार नाही. रविवारी बोट नाही, विमान नाही. सगळ्या स्कॉटलंडची घाई असली तरी नाही.

शिडी ओढणाऱ्या माणसानं हाक मारली. "डोलिना, येतेस ना? तुझं तिकीट आहे माझ्याकडे."

"नाही," ती म्हणाली.

"विसरलीस काय काही?"

"नाही. जा तुम्ही."

बोट सुटली. डोलिनानं धक्क्यावरच्या फोनवरून लॉरिमरच्या घरी फोन लावला. 'बोट चुकली' म्हणता आलं असतं, कुणी पुरावा मागितला नसता. पण तिला वाटलं, आता खोटं बोलले तर आजची कमाई काय राहिली?

"फीत माझ्याकडे आहे," ती म्हणाली. "मी बोटीवर चढले नाही. सोमवारी आणते."

तो म्हणाला, "सोमवारी आणू नकोस. टपालानं पाठव." त्या दिवशी त्यानं आईची चौकशी केली नाही.

रविवारी सहा वाजता कुठल्याशा बागेचा जुना कार्यक्रम दाखवला म्हणे. आम्ही कुणी बघितला नाही, उघडच आहे. त्या सकाळी फिनले खुर्चीत होता आणि त्यानं ओळ दिली. चर्चमध्ये कुणी डोलिनाकडे वळून बघितलं नाही, पण बाहेर पडताना माणसं तिच्यासाठी जरा बाजूला झाली. तिला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. ती घरी येऊन खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत फिरत राहिली. डिसेंबरात करार संपला, कुणी काही बोललं नाही, आणि नव्या वर्षात ती स्टॉर्नोवेजवळच्या सॅमन माशाच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यापाशी उभी राहून मासे साफ करू लागली. हाताला वास, पाठीला कळ. लोक म्हणत, चांगलं केलंस. चांगलं करून पोट भरतं का, असं तिच्या ओठांवर यायचं. रात्री तिला राग यायचा. लॉरिमरचा, फिनलेचा, स्वतःचा.

फेब्रुवारीत एका मंगळवारी संध्याकाळी कार्यक्रम दाखवला. श्रेयनामावलीत तिचं नाव शेवटी, डोळ्याचं पातं लवायच्या आत निघून गेलं. फिनलेकडे टेलिव्हिजन नव्हता, म्हणून तो मर्डिनाच्या घरी आला. रविवारचा कोट घालून, हात गुडघ्यांवर ठेवून त्यानं स्वतःला बघितलं.

"दुसऱ्या कडव्यात मी फार वर धरलं," तो म्हणाला.

मर्डिना चहा ओतत होती. फिनलेनं कप घेतला, आणि कधी नव्हे तो बोलायला लागला. "डोलिना, हे तुझ्या तोंडावर सांगायचं राहिलंय. त्या शुक्रवारी मी पाळकसाहेबांकडे गेलो होतो. म्हटलं, खुर्ची मी आपणहून सोडतो, पोरीची नोकरी जायला नको. म्हातारं माणूस, आज ना उद्या सोडायचीच. आणि इथं येऊन मर्डिनाला सांगितलं, पोरीला म्हणावं शब्दातून मोकळी आहेस, पाठव फीत. तरी तू पाठवली नाहीस. शनिवारी दुपारी पाळकसाहेब स्वतः येऊन म्हणाले, फीत इथंच आहे, बस आपल्या जागेवर." त्यानं कप खाली ठेवला. "मोकळी केल्यावरही शब्द पाळणारं माणूस मी दुसरं बघितलं नाही. हे मी वडिलांसमोरही बोललोय."

डोलिनानं आईकडे बघितलं. मर्डिना किटलीचं झाकण बसवत होती. ते बसत नव्हतं.

फिनले गेला. दार लागलं.

"मला निरोप दिला नाहीस," डोलिना म्हणाली.

"नाही."

"शुक्रवारी रात्री मी इथंच होते. शनिवारी सकाळी तू माझ्या पुढ्यात लापशी ठेवलीस."

"ठेवली."

"का, आई?"

मर्डिनानं हात पुसले. "सांगितलं असतं तर तू बोटीवर चढली असतीस."

डोलिनाला नाही म्हणायचं होतं. जिभेवर आलं होतं. पण आईसमोर उभं राहून ते बाहेर पडेना. "चढले असते," ती म्हणाली.

"मग? तो मरेपर्यंत मागच्या बाकावर बसला असता. आणि तू दर रविवारी त्याच्या पाठीकडे बघत बसली असतीस. मला ते बघवलं नसतं."

"ती माझी ठरवायची गोष्ट होती. माझी नोकरी होती. तू माझी नोकरी घालवलीस."

"हो," मर्डिना म्हणाली. "घालवली." ती खाली बसली, आणि डोलिनाला दिसलं की आई रडतेय आणि तिला ते लपवायचं नाहीये.

डोलिनाच्या मनात इतकं काही उसळत होतं की त्यातलं कुठलं आधी बोलावं ते कळेना. संताप होता. आईला जाऊन धरावं असंही वाटत होतं. आणि त्या सगळ्याच्या वर, फिनलेनं वडिलांसमोर काय काय बोलून ठेवलंय ते. तिनं कोट घातला.

"कुठं निघालीस?"

"मामाकडे."

"आता?"

"आता नाही गेले तर कधीच जायची नाही."

वाट ओलसर होती, वारा समोरून. फिनलेनं अजून कोट काढलेला नव्हता. चुलीत पीट सारत होता. दारात डोलिनाला बघून तो म्हणाला, "काही विसरलो काय मी तिथं?"

"मामा," ती म्हणाली, "तुमचा निरोप मला मिळालाच नव्हता. आईनं सांगितला नाही. मिळाला असता तर मी फीत घेऊन बोटीवर चढले असते."

फिनलेनं चिमटा खाली ठेवला.

"आणि हे सांगायला वाऱ्यात पायपीट करत आलीस."

"हो."

त्यानं चुलीजवळची खुर्ची ओढून तिच्यासमोर केली. त्याच्या घरात ती एकच बरी खुर्ची होती, बायकोची, आणि तिच्यावर तो कुणाला बसू देत नसे.

"बस," तो म्हणाला.